चालू कर्नल कोणता? सर्व्हरच्या कर्नलला सुरक्षा-पॅच लावताना

‘आमचा सर्व्हर दीड वर्षात एकदाही बंद केलेला नाही’ असं कोल्हापुरात शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसांत मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. यंत्राची आणि यूपीएसची ती तारीफ खरीच आहे. पण लिनक्स सर्व्हर असेल तर त्याचा आणखी एक अर्थ निघतो: दीड वर्षात त्याच्या कर्नलची, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमची, बहुधा एकही दुरुस्ती अंमलात आलेली नाही. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, उतरवून घेतला असेल, डिस्कवर बसलाही असेल. मेमरीत चालू असलेला कर्नल मात्र दीड वर्षापूर्वीचाच आहे. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहा: आत्ता चालू कर्नल कोणता?

उदाहरणं उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वितरणांची आहेत. आल्मा, रॉकी, रेड हॅट असेल तिथे फरक सांगितला आहे. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

कर्नलमधली त्रुटी इतकी महत्त्वाची का

वेबसाइटच्या प्रोग्रॅममध्ये त्रुटी असली तर घुसणाऱ्याच्या हाती त्या प्रोग्रॅमपुरतेच अधिकार लागतात. कोणी कुठली फाइल वाचायची, कोणी कुठल्या मेमरीला हात लावायचा, हे ठरवतो कर्नल. तिथेच चूक निघाली की परवानग्यांना काही अर्थ राहत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेली ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती. मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ उघड झाली. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या वापरकर्त्याला मजकूर घुसवता येत होता, आणि ती फाइल पासवर्डच्या नोंदींचीही असू शकते. दोन्हींचा परिणाम एकच: साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, होतो.

‘आमच्या सर्व्हरवर बाहेरचं कुणी लॉगिन करतच नाही’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. पण वेबसाइटच्या फाइल-अपलोडमधल्या चुकीतून आत आलेला माणूस सुरुवातीला साधा वापरकर्ताच असतो. पुढची पायरी त्याला जुना कर्नल देतो. रूट मिळाला की त्याच यंत्रावर ठेवलेला बॅकअपसुद्धा पुसता येतो.

सुरुवात वहीपासून

पॅचच्या आधी यादी करा. प्रत्येक यंत्रावर तीन गोष्टी पाहा. ‘युनेम -आर’ चालू कर्नलची आवृत्ती सांगतो. ‘अपटाइम -एस’ यंत्र कधीपासून चालू आहे ते सांगतो. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधल्या की डिस्कवर कोणकोणते कर्नल आहेत ते कळतं, आल्मावर हेच ‘आरपीएम -क्यू कर्नल’नं दिसतं. डिस्कवर नवा आणि चालू मात्र जुना, अशी यंत्रं लाल शाईनं लिहा. त्यांचं निम्मं काम झालेलंच आहे, फक्त रीबूट राहिलाय.

त्याच यादीत ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ नावाचं पॅकेज आहे का ते पाहा. डेबियनवर त्याचं नाव ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’. यात स्वतः कर्नल नसतो. सर्वांत नवा कर्नल कोणता, एवढंच ते एपीटीला, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, सांगतं. जागा करण्याच्या नादात कुणी ते काढून टाकलं असेल, तर बाकीचे सगळे अपडेट नीट येत राहतात आणि नवा कर्नल मात्र कधीच येत नाही. पडद्यावर चुकीचा एकही संदेश दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ही चालवून पाहा, कुणीतरी पूर्वी कर्नल ‘होल्ड’वर टाकून, म्हणजे त्याचे अपडेट थांबवून, विसरलेला असतो.

वहीत आणखी एक रकाना हवा, वितरणाचा आधार, म्हणजे पॅच मिळणं, कधी संपतो याचा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा मोफत आधार मे २०२५ मध्ये. अशा यंत्रावर ‘सगळं अपडेटेड आहे’ असं उत्तर आलं तरी समाधान मानू नका. तिथे नवीन पॅच येणंच थांबलेलं असतं.

दोन ठिकाणी लोक हमखास गोंधळतात. डॉकरच्या कंटेनरला (प्रोग्रॅम वेगळा ठेवणाऱ्या कप्प्याला) स्वतःचा कर्नल नसतो, तो खालच्या यंत्राचाच कर्नल वापरतो. कंटेनरची इमेज कितीही नवी केली तरी कर्नलमधली त्रुटी तशीच राहते. आणि स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी पद्धतीचा असेल, तर कर्नल तुमच्या हातात नसतो. पुरवठादारालाच विचारावं लागतं.

त्रुटीची सूचना कशी वाचायची

जाहीर झालेल्या बहुतेक त्रुटींना सीव्हीई हा ओळख-क्रमांक असतो. डर्टी पाइपचा सीव्हीई-२०२२-०८४७. सोबत गांभीर्याचा शून्य ते दहामधला गुण असतो. सात ते ८.९ उच्च, नऊ आणि त्यावर अतिगंभीर. डर्टी पाइपला ७.८ गुण होते, कारण तिचा वापर करायला आधी यंत्रात कुठल्या तरी वाटेनं शिरावं लागतं. म्हणून नऊच्या खालचं सगळं पुढच्या महिन्यावर ढकललं, तर कर्नलच्या सगळ्यात घातक त्रुटी नेमक्या मागे पडतात.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरालाही ठाऊक असतं. पण एकाच पातळीचा अर्थ नदीकाठच्या सुतारवाड्यात वेगळा आणि राजारामपुरीच्या चढावर वेगळा. गुणांचंही तसंच आहे. ज्या सर्व्हरवर पन्नास विद्यार्थी लॉगिन करतात किंवा जो इंटरनेटवर उघडा आहे, तो सुतारवाडा समजा, तिथे ७.८ म्हणजे त्याच रात्री काम. आतल्या नेटवर्कवर एकट्या प्रोग्रॅमसाठी चालणारं यंत्र आठवडाभर थांबू शकतं. अमेरिकेची सीसा ही सायबर-सुरक्षा संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी ठेवते. डर्टी काऊ आणि डर्टी पाइप दोन्ही त्यात आहेत. त्या यादीत नाव आलं, की मग गुण किती हे बघत बसायचं नाही.

आता आवृत्तीचा सापळा. डर्टी पाइपची दुरुस्ती मूळ कर्नलच्या ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत आली. उबुंटू २२.०४ सोबत येणाऱ्या ५.१५ कर्नलवर मात्र ‘युनेम -आर’ कायम ५.१५.० असंच दाखवतो आणि पुढे डॅश देऊन एक आकडा. तो शेवटचा आकडाच खरा. उबुंटू, डेबियन, रेड हॅट हे आपापल्या कर्नलमध्ये फक्त दुरुस्ती आणून बसवतात, मूळ क्रमांक बदलतोच असं नाही. त्यामुळे मूळ क्रमांकाशी तुलना करून ‘आपण असुरक्षित’ किंवा ‘आपण सुरक्षित’ ठरवणं दोन्ही बाजूंनी चुकतं. आपल्या वितरणाच्या सुरक्षा-पानावर तो सीव्हीई शोधा आणि तिथे दिलेली पॅकेजची पूर्ण आवृत्ती जुळवा.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई क्रमांक देते. तेव्हापासून क्रमांकांचा पूर आला आहे. एकेकाच्या मागे धावू नका. वितरणाचा नवा कर्नल एकदा घेतला की त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र येतात.

पॅच लावायच्या आधी

बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या आणि त्यातली एखादी फाइल परत काढून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

‘डीएफ -एच /बूट’ चालवा. एका कर्नलला साधारण शंभर ते दोनशे एमबी लागतात. वेगळं बूट पार्टिशन पाचशे एमबीचं असेल तर तिसऱ्या कर्नललाच ते भरतं. निदान तीनशे एमबी मोकळे नसतील तर पुढे जाऊच नका. आधी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’. बूटमधल्या फाइली हातानं आरएम करून जागा करू नका, पॅकेजचा हिशेब बिघडतो.

‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. एनव्हिडियाचं कार्ड, व्हर्च्युअलबॉक्स यांसारखे बाहेरचे मोड्यूल (कर्नलला जोडले जाणारे भाग) नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात आणि त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स लागतात. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ बसवलेलं असू द्या.

रीबूटनंतर एसएसएच, म्हणजे दूरून लॉगिन, आलं नाही तर यंत्रापर्यंत पोचायचं कसं, हे आधी ठरवा. क्लाउडवर कन्सोल चालतो का ते तपासा. कागलच्या कारखान्यातलं यंत्र असेल, तर कीबोर्ड-मॉनिटर आणि सर्व्हर-रूमची किल्ली कुणाकडे, ते लिहून ठेवा.

वेळ ठरवताना गावाचं वेळापत्रक बघा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्याचा सर्व्हर दिवसा बंद करणं म्हणजे गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तिथे काटा कधी थांबतो ते विचारूनच वेळ घ्या. पावसाळ्यात वीज जाते-येते. यूपीएसची बॅटरी अर्धा तास टिकत नसेल तर त्या रात्री हात लावू नका. यंत्र सुरू होताना कर्नलला लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल तयार होत असताना वीज गेली, तर ती अर्धवट राहते.

बसवणं

‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल’. यादी वाचा, ‘लिनक्स-इमेज’ दिसतं का ते बघा. मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’. इथे ‘एपीटी-गेट अपग्रेड’ची जुनी सवय घात करते. नवा कर्नल हे पूर्णपणे नवं पॅकेज असतं, आणि एपीटी-गेटचं साधं अपग्रेड नवं पॅकेज आणत नाही. ‘केप्ट बॅक’ असं म्हणून कर्नलला बाजूला ठेवतं आणि बाकीचं काम बिनबोभाट पूर्ण करतं.

आल्मावर ‘सुडो डीएनएफ अपडेट कर्नल’ द्यायचं. जुना कर्नल जागेवर राहतो, नवा शेजारी बसतो. असे एकूण तीन ठेवायचे ही तिथली मूळ सेटिंग. तिथे ‘आरपीएम -यू’नं (इथे यू मोठ्या अक्षरातला) कर्नल बसवू नका. तो जुना काढून टाकतो आणि नवा चालला नाही तर परतीची वाट राहत नाही.

पॅकेज बसताना शेवटच्या वीस-तीस ओळी नीट वाचा. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आणि ‘अपडेट-ग्रब’ची (ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) ओळ दिसायला हवी. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ दिसलं तर रीबूट करू नका. जागा करा, मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.

उबुंटूवर आता /व्हार/रन/ मध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते. आल्मावर ‘डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ तेच सांगतं. रीबूट करा आणि लगेच ‘युनेम -आर’. नवा आकडा दिसला तरच वहीत बरोबरची खूण. त्यानंतर ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ पाहा. मग ज्यासाठी तो सर्व्हर आहे ते काम खऱ्या वापरकर्त्याकडून करून घ्या: एक बिल छापा, एक पावती काढा.

स्वयंचलित अपडेटवर भरवसा ठेवला असेल, तर हे लक्षात घ्या: ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ कर्नल बसवतं, पण ‘ऑटोमॅटिक-रीबूट’ मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. फाइलीत ते ‘ट्रू’ करून वेळ, म्हणजे समजा पहाटेचे दोन, लिहून दिल्याशिवाय नवा कर्नल डिस्कवर पडूनच राहतो.

काय बिघडतं

पडदा काळा आणि खाली ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’: इनिटरॅमएफएस तयार झालेली नाही, बहुतेक वेळा /बूट भरल्यामुळे. यंत्र पुन्हा चालू करताना शिफ्ट, नव्या यूईएफआय फर्मवेअरच्या यंत्रावर एस्केप दाबा. ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. तो चालू झाला की जागा करा, मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. दहा मिनिटांचं काम आहे, जुना कर्नल जागेवर असेल तर. म्हणून नवा कर्नल आठवडाभर नीट चालेपर्यंत आधीचा काढायचा नाही.

कर्नल चालू झाला, पण ग्राफिक्स नाही किंवा नेटवर्क कार्ड नाही: डीकेएमएसचं मोड्यूल बांधलं गेलेलं नसतं, किंवा सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असल्यानं सही नसलेलं मोड्यूल नाकारलेलं असतं. ‘डीमेसेज’मध्ये कारण सापडतं. सहीसाठी एमओके नावाची चावी नोंदवावी लागते, आणि ती नोंदणी रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर यंत्रासमोर बसूनच पूर्ण करावी लागते. दूरच्या यंत्रावर हे आधी लक्षात घ्या.

रीबूट झाला, पण ‘युनेम -आर’ जुनाच: ग्रबमध्ये कुणीतरी ठरावीक कर्नल पक्का करून ठेवलाय. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधली ‘ग्रब-डिफॉल्ट’ ओळ पाहा. आल्मावर ‘ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल’.

रीबूट शक्य नसेल तेव्हा

चालू कर्नलच्या मेमरीतच सदोष फंक्शनच्या जागी दुरुस्त फंक्शन जोडता येतं. उबुंटूवर त्यासाठी लाइव्हपॅच आहे. ते ज्यात येतं ते उबुंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत मिळतं. रेड हॅटवर केपॅच. लाइव्हपॅचनंतर ‘युनेम -आर’ बदलत नाही, ‘कॅनोनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ पाहावं लागतं. प्रत्येक त्रुटी अशी दुरुस्त होत नाही, त्यामुळे रीबूट पुढे ढकलला जातो, टळत नाही.

तेही नसेल तर तात्पुरती वाट बंद करा. सदोष मोड्यूल वापरात नसेल तर ते लोड होऊ देऊ नका. अनेक त्रुटींना साध्या वापरकर्त्याचे नेमस्पेस (प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा कप्पा देणारी कर्नलची सोय) लागतात. ‘युजर डॉट मॅक्स-युजर-नेमस्पेसेस’ शून्य केलं की ती वाट बंद होते. पण रूटशिवाय चालणारे कंटेनर आणि काही ब्राउझरचं संरक्षणही त्यानं बंद पडतं, म्हणून आधी चाचणी घ्या.

स्वतः पॅच लावून बघायचा असेल तर

हे चालत्या सर्व्हरवर नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. सरावाला डर्टी पाइप उत्तम, कारण तिची दुरुस्ती फक्त दोन ओळींची आहे. ‘लिब’ फोल्डरमधल्या ‘आयओव्ही-आयटर डॉट सी’ फाइलीत दोन फंक्शनांमध्ये एकच ओळ घातली गेली: बफरचे फ्लॅग्स शून्य करा. नवा बफर घेताना आधीच्या वापरातली खूण पुसली जात नव्हती. त्या उरलेल्या खुणेमुळे कर्नलला वाटायचं, की या पानात आणखी मजकूर जोडायला हरकत नाही. पॅच फाइलीत या दोन ओळी अधिकच्या चिन्हानं सुरू होतात, आजूबाजूच्या ओळी फक्त जागा ओळखण्यासाठी असतात. एवढ्याशा विसरण्यातून यंत्राचा पूर्ण ताबा जात होता, हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

उबुंटू २२.०४ चं मशीन घ्या, चार कोअर, तीस जीबी डिस्क. नव्या कंपायलरवर जुना कर्नल बांधताना भलत्याच चुका येतात, म्हणून आवृत्ती त्याच काळातली. कर्नल डॉट ऑर्गवरून ५.१५.२४ उतरवा आणि सही जीपीजीनं तपासा. पॅच निवडताना जपा: तिथला ‘पॅच-५.१५.२५’ हा मूळ ५.१५ वर बसतो, ५.१५.२४ वर नाही. २४ वरून २५ ला जाणारा पॅच ‘इन्क्र’ फोल्डरमध्ये असतो.

सोर्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून आधी ‘पॅच -पी१ --ड्राय-रन’. यात फाइलीला हात लागत नाही, फक्त बसेल का ते कळतं. ‘हंक फेल्ड’ आलं तर आवृत्ती जुळत नाहीये, जबरदस्ती करू नका. ‘रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड पॅच डिटेक्टेड’ असं विचारलं तर तो पॅच आधीच लागलेला आहे, एन दाबा. वाय दाबलं तर लागलेली दुरुस्ती उलटी निघते आणि भोक पुन्हा उघडतं.

सगळं बसत असेल तर तीच आज्ञा ‘--ड्राय-रन’शिवाय द्या. मग /बूट मधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल ‘.कॉन्फिग’ नावानं आणा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा. उबुंटूची कॉन्फिग असल्यानं बांधणी ‘कॅनोनिकल-सर्ट्स’ नावाच्या फाइलीवर अडते. ‘सिस्टिम-ट्रस्टेड-कीज’ आणि ‘सिस्टिम-रेव्होकेशन-कीज’ हे दोन पर्याय रिकामे करा. डीबगची माहितीही बंद करा, नाहीतर डिस्क भरते. ‘मेक -जे४ बिनडेब-पीकेजी’ दिलं की डेब पॅकेजेस तयार होतात. ती ‘डीपीकेजी -आय’नं बसवा, रीबूट करा, ‘युनेम -आर’ बघा. हा कर्नल सहीशिवायचा आहे, म्हणून मशीनचा सिक्युअर बूट बंद हवा.

ज्यांना पॅच मिळतच नाही

विंडोजवर कर्नलचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बाकीच्या अपडेटबरोबर येतात. तिथेही ‘रीस्टार्ट पेंडिंग’ असेपर्यंत काम झालेलं नसतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, जुना राउटर, सीएनसी मशीनसोबत आलेला पीसी यांच्यातही कर्नल असतो, आणि त्यासाठी दुरुस्ती बहुधा येत नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाका आणि राउटरवरचं त्यांचं पोर्ट-फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत येणारी वाट) आजच काढा. ऑफिसच्या सर्व्हरकडे त्यांना फक्त लागेल तेवढंच एखादं पोर्ट उघडा. वहीतही त्यांचं पान करा: मॉडेल, कुठे बसवलंय, बदलायचं कधी. आणि कुठल्याही यंत्रात घुसखोरी झाल्याचं दिसलं, तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार तिला सहा तासांत कळवावं लागतं. तो ईमेल पत्ता आणि फोन वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.